रडायला पुरेल एवढा आवाज

आमच्या घरात संगीताचं फार प्रस्थ होतं, म्हणजे घरात कोणीही गात नव्हतं. कोथरूडच्या सोसायटीतला आमचा हॉल दर रविवारी संध्याकाळी आमचा उरायचा नाही. सोफा भिंतीला सरकवला जायचा, सतरंजी पडायची, रेकॉर्ड प्लेयरवरचं क्रोशाचं झाकण बाबा स्वतःच्या हातानं काढायचे आणि पाच वाजता सात-आठ गृहस्थ दाराबाहेर चपला ओळीनं ठेवून आत यायचे. याला बैठक म्हणत. बैठकीत कोणी गायचं नाही, कोणी वाजवायचं नाही, फक्त ऐकायचं. डोळे मिटून ऐकायचं, आणि आपण ऐकतो आहोत हे शेजारच्याला कळेल अशा बेतानं मान हलवायची. मधोमध तक्क्याला टेकून आप्पासाहेब बसायचे. ते सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण अधिकार सोडला नव्हता. त्यांच्या एका 'हं'वर कोणता गवई मोठा आणि कोणता नुसताच तयारीचा हे ठरायचं. गवयांना बिचाऱ्यांना हा निकाल कधी कळायचा नाही, कारण ते बहुतेक वारलेले असत.

बैठक चालू असताना घरात आवाज करायचा नाही, हा नियम. त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या पाचच्या आत होऊन गेलेल्या असायच्या. मिक्सर बंद, फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला, नळाखाली फडकं, म्हणजे पाण्याची धार भांड्यावर वाजू नये. आई स्वयंपाकघरात पोहे करायची, आणि फोडणीतली मोहरी तडतडली तरी बाबा दारात येऊन ओठांवर बोट ठेवायचे. मोहरीला. ते स्वतः बँकेत अधिकारी होते आणि सूर म्हणाल तर त्यांना दारावरच्या घंटेचासुद्धा धरता आला नसता, पण 'कान तयार आहे' असं ते स्वतःबद्दल म्हणत, आणि बैठकीतले बाकीचेही स्वतःबद्दल तेच म्हणत. इतके तयार कान एका हॉलमध्ये जमत, आणि शेजारच्या खोलीत काय चाललंय ते एकालाही ऐकू येत नसे.

आईला गाणं आवडत नव्हतं. अशा आठवणींमधल्या आया लग्नाआधी सुरेल गाणाऱ्या असतात आणि संसारापायी त्यांचा गळा वाया जातो, हे मला ठाऊक आहे. वाचून वाचून पाठ झालंय. माझ्या आईचं तसलं काही वाया गेलेलं नव्हतं. तिला शास्त्रीय संगीताचा कंटाळा यायचा, एवढंच. 'तेच तेच किती वेळ म्हणतात,' असं ती मला एकदा हळूच म्हणाली होती, आणि लगेच बाबांना सांगू नकोस म्हणाली, जणू काही तिनं शेजाऱ्यांचे दागिने पळवले होते.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना नलूमावशी गेली. नलूमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सांगलीला एका खोलीत एकटी राहायची, टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची, आणि सुट्टीत आमच्याकडे आली की घरात खराखुरा माणसांचा आवाज व्हायचा. ती मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची, जिन्यातूनच 'ताई, आले गं!' म्हणून हाक मारायची. बाबा तिच्याविषयी 'जरा मोकळी आहे' असं म्हणत, आणि आमच्याकडे ते काही कौतुक नव्हे. तिला कावीळ झाली आणि ती आठवड्याभरात संपली. आई सांगलीला गेली, सगळं उरकलं, मावशीच्या खोलीला कुलूप लावून किल्ली घरमालकाला दिली आणि शनिवारी परत आली. रविवारी बैठक होती. बैठक रद्द होईल असं मला वाटलं होतं, यावरून मी किती लहान होते ते कळावं. कोणीतरी एक दुर्मिळ ध्वनिमुद्रण मिळवलं होतं आणि ते ज्यांचं होतं त्यांना सोमवारी परत द्यायचं होतं. आप्पासाहेब मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, वाईट झालं. आज जरा मारवा ऐका. दुःख हलकं होतं."

"हो," आई म्हणाली.

पंधरा मिनिटांनी बाहेरून निरोप आला की पोह्यांवर लिंबू थोडं कमी पडलंय. आईनं लिंबू चिरून दिलं. बाहेर सगळे डोळे मिटून बसले होते, आणि मधेच कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, "काय करुण आहे हो!" ओट्याशी माझी आई उभी होती, पदराचं टोक तोंडात दाबून. मी तिच्याजवळ गेले तर तिनं मानेनंच नको म्हटलं आणि हॉलकडे बोट दाखवलं. तिथे करुण रस चालू होता.

त्या दिवसापासून मला गाण्याचा तिटकारा आला. कोणी गुणगुणलं तरी मी उठून जायची. आणि त्याच मनःस्थितीत असताना, कॉलेजच्या मागे गाड्या लावायच्या शेडजवळ, जिमखान्याच्या बंद खोलीतून मला तो बँड पहिल्यांदा ऐकू आला. आधी वाटलं आत काही दुरुस्तीचं काम चाललंय. दोन गिटार होत्या, पण रस्त्याचं डांबरीकरण चालू असताना रोलर जवळून जावा तशी त्यांची घरघर जमिनीतून पायात चढत होती. ड्रम सावकाश पडत होते, दमलेला माणूस जिना चढतो तसे. आणि त्या घरघरीच्या वर एका मुलीचा आवाज होता. ती किंचाळत नव्हती, हरकती घेत नव्हती, कोणाला काही दाखवत नव्हती. सरळ, मोठ्यानं, दुःखी गात होती. चाल इतकी सोपी होती की दुसऱ्यांदा आली तेव्हा ती मला येत होती. मी सायकलचं कुलूप हातात धरून तिथेच उभी राहिले. मान बिन काही हलवली नाही.

दार उघडून बाहेर आली ती निलोफर. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, माझ्याहून एकाच वर्षानं मोठी. घोरपडे पेठेत घर, वडिलांचं घड्याळांचं दुकान, चार पिढ्या पुण्यात गेलेल्या. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. बँडचं नाव 'ॲश हार्बर'. मी म्हटलं, पुण्यात बंदर कुठलं? तर म्हणाली, "म्हणून तर राखेचं." गिटारवाले दोघे इंजिनिअरिंगचे होते आणि त्यांना बोलता येत होतं की नाही हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. तिनं मला एक कॅसेट दिली. चार गाणी, तीही त्याच खोलीत टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून भरलेली. "ऐक, पण परत आण," ती म्हणाली. "आणि गाणं समजावून घ्यायला माझ्याकडे येऊ नकोस. मला समजावता येत नाही."

आमच्या सोसायटीतला आणि कॉलेजातलाही अमेय मेटल नावाच्या गिटारांच्या गोंगाटी संगीतातला आप्पासाहेब होता, त्यामुळे मी कॅसेटचं नाव काढताच त्यानं निकाल दिला. त्याचे केस खांद्यापर्यंत वाढलेले होते, आणि रविवारी सकाळी त्याची आई त्याला गॅलरीत बसवून त्यांना तेल लावायची. त्यावर तो कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट घालायचा. "ते मेटल नाहीये," तो म्हणाला. "मुलगी गाते म्हटल्यावर विषयच संपला. रडगाणं आहे ते." त्यानं ते ऐकलेलं नव्हतं. नाव ऐकूनच त्याला समजलं होतं. त्याचाही कान तयार होता.

कॅसेट मी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेपवर लावायची, कारण हॉलमधल्या यंत्राला हात लावायला परवानगी नव्हती. एके दुपारी आई आणि मी मटार सोलत बसलो होतो आणि तिसरं गाणं चालू होतं. आईचे हात थांबले. मला वाटलं आता बंद कर म्हणणार. ती म्हणाली, "मागे घे. परत लाव." मी परत लावलं. शेंग तशीच हातात धरून तिनं ते पूर्ण ऐकलं आणि मग विचारलं, "काय म्हणतेय ती?"

इंग्रजी गाणं, त्यात ती घरघर. मला जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं. एक बाई रिकाम्या घरात फिरते आहे. एकेक दार लावत येते. शेवटी एकच दार उरतं आणि आता ते लावताना आपण आत राहायचं की बाहेर, हे तिला कळत नाही. तिथे गाणं संपतं.

"बाहेर," आई म्हणाली.

"काय?"

"बाहेरच उभं राहावं लागतं. आत राहून कुलूप कसं लावणार?" एवढं बोलून तिनं शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले, आणि मग तिला रडू आलं. सांगलीहून आल्यापासून पहिल्यांदा. पण तेसुद्धा आमच्या घरचंच रडू, बिनआवाजाचं; भिंतीपलीकडे शेजारी होते, खाली सोसायटीचा कट्टा होता, आणि आवाज न करण्याची इतक्या वर्षांची सवय होती. खांदे हलले आणि थांबले. पुढे रोज दुपारी ती मला म्हणायची, "तुझी ती बाई लाव." बाबांच्या सगळ्या संग्रहातली एकही तबकडी तिनं आपणहून कधी लावायला सांगितली नव्हती.

एकदा बाबा अवेळी घरी आले. बूटही न काढता दारात उभे राहून म्हणाले, "मिक्सर बिघडलाय का?" मग कॅसेट आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी दोन मिनिटं, उभ्या उभ्या, परीक्षकासारखं ऐकलं. "गळा बरा आहे पोरीचा. पण या गदारोळात त्याचा उपयोग काय? आणि दुःखाचा असा बभ्रा करायचा नसतो. आपल्याकडे त्याला संयम असतो."

"चहा टाकू?" आईनं विचारलं. आमच्याकडे वाद असे संपत.

बाबा दुष्ट नव्हते, हे लिहून ठेवायला हवं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी आपल्या परीनं एक गोष्ट ठरवली: पुढच्या रविवारची बैठक नलूच्या स्मरणार्थ करायची. आप्पासाहेब दोन शब्द बोलणार होते. ते नलूमावशीला एकदाच भेटले होते आणि तेव्हा तिनं त्यांना 'काका, जरा पाय आत घ्या' म्हटलं होतं, त्यावर ते काय बोलणार होते कोण जाणे. नेमका त्याच संध्याकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये ॲश हार्बरचा कार्यक्रम होता. मी आईला नुसतं सांगितलं. ये म्हणून नाही. रविवारी तिनं पोहे केले, झाकले, बशा मांडल्या, लिंबं जरा जास्तच चिरून ठेवली. मग आतल्या खोलीत गेली आणि साडी बदलून, हातात पर्स घेऊन बाहेर आली. बाबा सतरंजीची सुरकुती काढत होते.

"कुठे निघालीस? आप्पासाहेब येतील आता."

"येऊ देत. मी माधवीबरोबर कॉलेजात जाऊन येते. चहाचं आधण ठेवलंय, साखर डब्यात आहे."

"कोणत्या डब्यात?"

"नाव लिहिलंय त्याच्यावर."

बाबा सतरंजीवर गुडघे टेकून होते, तसेच राहिले. "अगं, नलूसाठी आहे ही बैठक!"

"मग नलू ऐकेल," आई म्हणाली आणि चपला घातल्या. जिन्यात आप्पासाहेब भेटले. त्यांनी नमस्कार केला, तिनंही केला, आणि आम्ही रिक्षा पकडली. रिक्षात ती पर्स मांडीवर घट्ट धरून समोर बघत होती. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "आत्ता नको. परत फिरावंसं वाटेल."

हॉल निम्मा भरला होता आणि त्यातला निम्मा काळ्या टी-शर्टांचा होता. अमेय आणि त्याचं टोळकं पुढे उभं होतं. त्यातल्या एकानं आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "काकू, भजनाचा कार्यक्रम पलीकडे असेल."

"भजन असतं तर आले नसते," आई म्हणाली. "सरक जरा. दिसत नाही."

निवेदन करायला एक सर होते. त्यांनी निलोफरची ओळख करून दिली आणि वर कौतुकानं माइकवर म्हणाले, "आणि विशेष म्हणजे ही मराठी किती छान बोलते!" निलोफर म्हणाली, "तुमचंही बरं आहे, सर." आईच्या तोंडून 'हं' असा आवाज आला, आणि तो आप्पासाहेबांच्या 'हं'पेक्षा कितीतरी जाणकार होता.

पहिल्या दोन गाण्यांना अमेयचं टोळकं ओरडत होतं. "मेटल वाजवा! अंगाई बंद करा!" एकानं कागदाचा बोळा फेकला. निलोफरनं तो पायानं बाजूला केला आणि गात राहिली. हल्ली फोनवर आमच्या कॉलेजचा एक ग्रुप आहे. त्यावर अमेय, आता टक्कल पडलेला, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, दर वर्षी एकदा लिहितो की ॲश हार्बर हा पुण्याचा विसरलेला ठेवा आहे आणि आम्ही नशीबवान, पहिल्या कार्यक्रमाला समोर उभे होतो. त्यावर निलोफरनं एकदा उत्तर दिलं होतं, "हो, तू अंगाई बंद करा म्हणत होतास. झोप लागली असेल, म्हणून आठवत नसेल." त्यानं हसरा चेहरा पाठवला. असल्या माणसांना लाजही येत नाही, त्याचं चित्र येतं.

तिसरं गाणं तेच होतं, दारांचं. कॅसेटवर जे ऐकलं ते काहीच नव्हतं. गिटार सुरू झाल्या आणि खुर्च्यांचे लोखंडी पाय थरथरले. छातीत काहीतरी धडधडायला लागलं ते आपलं की त्यांचं हे कळेना. आवाज इतका होता की पुढच्या पोरांची तोंडं हलताना दिसत होती, पण शब्द पोचत नव्हते. आणि त्यावर निलोफर उभी, डोळे उघडे, सरळ गाणारी. मी आईकडे पाहिलं. ती रडत होती. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, मोठ्यानं. म्हणजे मोठ्यानं असणार, कारण मी तिला खेटून उभी होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. कोणालाच येत नव्हतं. ती ओरडत होती. एकदा तिच्या ओठांवरून मला वाटलं की ती 'नले' म्हणाली. बैठकीतले लोक आमच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं जी शांतता सांभाळत होते, तिच्यात माझ्या आईला रडायला जागा नव्हती. इथे होती. या गदारोळाचा उपयोग काय, असं बाबांनी विचारलं होतं. हा होता उपयोग.

कार्यक्रम संपल्यावर आई थेट स्टेजच्या मागे गेली. निलोफर पाण्याची बाटली घेऊन पायरीवर बसली होती. आईनं तिला विचारलं, "तुझं कोण गेलं?"

"कोणी नाही, काकू," निलोफर म्हणाली. "सगळे आहेत."

"मग असं कसं गातेस?"

निलोफरनं जरा विचार केला. "तालीम करतो आम्ही. रोज दोन तास."

मला वाटलं आईला वाईट वाटेल. तिला उलट बरं वाटलं. तिनं रुमालानं स्वतःचं तोंड पुसलं, मग त्याच रुमालानं निलोफरच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "करत जा." बँड पुढे दोनेक वर्षं चालला. एक गिटारवाला परदेशी गेला, दुसऱ्यानं सासऱ्यांचा धंदा धरला. कोणी त्यांच्यावर लेख लिहिला नाही, आणि ते एका अर्थी बरंच झालं. लेख लिहिणारे कोण असतात ते मी लहानपणी आमच्या हॉलमध्ये पाहिलंय.

आम्ही जेवणाच्या वेळेला घरी पोचलो. मंडळी गेली होती. खरकट्या बशा सतरंजीवरच होत्या आणि मधे बाबा बसले होते, आप्पासाहेबांच्या जागी नव्हे, स्वतःच्याच कोपऱ्यात. "आप्पासाहेब लवकर उठले," ते म्हणाले. "चहा नीट झाला नाही. आणि लोकांना काय सांगावं ते मला सुचेना."

"खरं सांगायचं. बायको बाहेर गेलीय."

"मी तुझ्याच बहिणीसाठी ठेवलं होतं ना हे?" बाबांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच समजत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आई सतरंजीवर बसली. बैठकीच्या सतरंजीवर तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "अहो, तिला तुमचं गाणं मुळीच आवडायचं नाही," ती म्हणाली. "मलाही नाही."

'मलाही नाही' हे ऐकून बाबांनी रेकॉर्ड प्लेयरकडे पाहिलं, मग आईकडे. "इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

मी बशा उचलायला वाकले तर आईनं हातानं थांबवलं. शेवटी बाबांनी विचारलं, "मग काय आवडायचं तिला?"

"सिनेमा. तोही मारामारीचा. मागच्या दिवाळीत आम्ही दोघी तुम्हाला न सांगता गेलो होतो. ती खुर्चीवर उभी राहून शिट्टी मारत होती, लोक बघत होते, आणि मी तिला खाली ओढत होते." आई हसायला लागली, मोठ्यानं, आणि हसता हसताच तिला पुन्हा रडू आलं, तेही मोठ्यानं. भिंतीपलीकडे नक्की ऐकू गेलं असणार. बाबांचं बोट सवयीनं ओठांकडे निघालं, अर्ध्यावर थांबलं, आणि त्यांनी हात परत मांडीवर ठेवला.

"कोणता सिनेमा?" त्यांनी विचारलं.

आईनं डोळे पुसले, मांडी घातली आणि त्यांना पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली, मारामाऱ्यांसकट.